ओल्या घोंगड्याच्या आड

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातलं निम्मं वर्ष मेंढरांमागं गेलं. तेव्हा दम्यावर शहाणपण शिकवायला मी बसलेलो नाही, ते डॉक्टरांचं काम. मला काय झालं, मी कुठं चुकलो आणि किती भ्यालो, एवढंच सांगतो. तुमच्या घरात तसं काही दिसलं तर ओळखू यावं.

भ्यालो हा शब्द मुद्दाम लिहिला. रानात मेंढरांभोवती लांडगा फिरायचा तेव्हा मी काठी घेऊन उभा राहिलेला माणूस. पण आपल्याच घरात, भर दुपारी, तोंड उघडं असून हवा आत जाईना, तेव्हा जी भीती वाटते ती लांडग्यापुढं वाटत नाही. लांडग्याला दगड तरी मारता येतो.

धूळ आणि साळू

आमचं घर इंदापूर तालुक्यात, पाटाच्या वरच्या अंगाला. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, दारापुढून मुरमाचा रस्ता. उसाचे ट्रॅक्टर त्याच रस्त्यानं जायचे. बापाची मेंढरं होती, ती मी विकली आणि शेतीला लागलो. फाल्गुन लागला की वारा सुटायचा. भाकरीवर धूळ, हंड्यावर धूळ, अंथरुणात धूळ.

हे सगळं मला बायको गेल्यावर दिसलं. ती असताना मला वाटायचं आमच्या घरात धूळ येतच नाही.

तिचं नाव साळूबाई. हयात असताना कधी नावानं हाक मारली नाही, आता लिहितो. साळू पहाटे आधी सडा टाकायची, मग झाडायची. कोरडा केर तिनं कधी काढला नाही. आठवड्यातनं दोनदा जमीन सारवायची. उन्हाच्या दिवसांत दाराला गोणपाट भिजवून लावायची आणि दिवस कलला की काढून उन्हावर टाकायची. घोंगडी झटकायला लांब ओढ्यात न्यायची, तोंडाला पदर बांधून, वाऱ्याकडं पाठ करून. मला वाटायचं, हिला दुसरं काम नाही.

आणि ती खोकायची. तीन उन्हाळे खोकली. मी म्हणायचो, "धूळ कुणाच्या घशात जात न्हाय? गूळ खा." ती गूळ खायची. भिंतीला टेकून बसूनच झोपायची. का गं बसून झोपतीस, असं मी एकदाही विचारलं नाही.

त्या वर्षी ज्वारीची मळणी निघाली. मळणीचं मशीन एका दिवसासाठी मिळालं होतं, गावात दहा जण त्याच्यावर डोळा ठेवून बसलेले. साळू भुसकट पडतं त्या तोंडाला पाटी घेऊन उभी होती. दुपारी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मला धड दम घेता येईना. बारामतीला नेता का?"

मी म्हणालो, "मळणी उरकू दे. मशीन गेलं म्हंजी परत कुठं घावायचं?"

ती कडब्याच्या सावलीला जाऊन बसली.

दिवस मावळताना वडापची, शीट भरून नेणारी जीप मिळाली. वाटेतलं लासुर्णं गाव मागं पडलं आणि तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मला.

मला धरलं

वर्ष फिरत आलं. फाल्गुनात वारा सुटला तेव्हा घरात मी एकटा होतो. मुलगा बाळू बारामती एमआयडीसीत कामाला, सून मंगल आणि तो जळोचीला खोली घेऊन राहायची. जमीन सारवायला मला जमली नाही. एकदा सारवली तर ढेकळं उठली. पंधरा दिवसांत सगळे पोपडे सुटले आणि पाय टाकला की भुकणी उडायला लागली.

एका सकाळी मी खराटा घेतला आणि पाणी न मारता सगळं घर झाडलं. केर दारापर्यंत आला आणि माझी छाती आवळली. कुणीतरी मोटेच्या दोरानं बांधावं तशी. छातीत मांजराची पिल्लं ओरडायला लागली. मी उंबऱ्यावर बसलो, दोन्ही हात गुडघ्यावर. तासाभरानं सुटलं.

त्या तासात मला एकच कळलं. साळूचं दुखणं मला लागलं. तिचा क्षय असणार, तो माझ्यात आला, आता मी तिच्याच वाटेनं जाणार. क्षयाचं नाव गावात निघालं की लोक पाण्याचा तांब्या वेगळा ठेवतात. म्हणून बाळूला सांगितलं नाही. दर रविवारी तो मोटारसायकलवर यायचा, त्याच्यापुढं मी खोकला गिळून बसायचो. डोळ्यांत पाणी यायचं. त्याला वाटायचं, आबाला आईची आठवण आली.

भीती ही अशी असते, बघा. ती दवाखान्याकडं ढकलत नाही. ती दार लावून घ्यायला लावते.

माझा इलाज

मी दार लावून घेतलं. म्हणजे माझ्या पद्धतीनं.

मी विचार केला, धूळ आत येती म्हणून दम लागतो. धूळ थांबवली की दम थांबला. साळू गोणपाट लावायची, पण गोणपाट तासाभरात वाळतं. घोंगडं पाणी धरून ठेवतं. आम्हा धनगरांना घोंगडं म्हणजे सगळं. पावसात तेच छत, थंडीत तीच भिंत, जेवायला तेच बसकर. घोंगड्यानं कधी वाईट केलंय, हे आम्ही ऐकलेलं नाही.

घरात दोन होती. सूत साळूनं कातलेलं, विणून सनगराकडनं आणलेली. एक दाराला ठोकलं, एक खिडकीला. वरच्या कडेला चांगले चार चार खिळे मारले, बाहेर जायचं तर खालनं वर करून निघायचं. सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी मारायचं. साळू दिवस कलला की गोणपाट काढून वाळवायची, हे मी वर्षानुवर्षं बघितलेलं, पण का काढती ते कधी डोक्यात घेतलं नाही. मी घोंगडी काढलीच नाहीत.

पहिले दोन दिवस बरं वाटलं. अंधार, गारवा, रस्त्याची धूळ बंद. मग वास यायला लागला. ओल्या मेंढराचा वास. तो मला आईच्या दुधाइतका ओळखीचा, म्हणून मी त्याला दोष दिला नाही. तिसऱ्या दिवशी दम वाढला. मला वाटलं, कुठनंतरी धूळ येतीय. मी आणखी पाणी मारलं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. चौथ्या दिवशी आणखी वाढला, आणखी पाणी मारलं.

शेजारच्या मळ्यातले किसनतात्या माळी, वांगी-टोमॅटो करणारा माणूस, पाण्याची पाळी सांगायला यायचे. त्यांनी घोंगड्याच्या बाहेरून हाक दिली.

"आबा, अस्वल झाला का काय? बाहेर या की."

"धूळ हाय तात्या."

"आन आत काय अत्तर हाय व्हय? दारात आलं की मेंढवाड्यात आल्यागत वाटतंय."

"माळ्याला काय कळतंय लोकरीतलं?"

"लोकरीतलं न्हाय कळत. वांग्यातलं कळतंय. अंधारात ओलं ठिवलेलं वांगं सडतंय, आबा."

मला राग आला. मी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे उत्तर द्यायला श्वास नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी सुटेनाच. बसलो तरी नाही, ओणवा झालो तरी नाही. घोटभर हवा आत जायची आणि बाहेर निघायची नाही. लोकांना वाटतं दम्यात हवा आत जात नाही. तसं नाही. आधी आतली बाहेर निघत नाही, मग नवीनला जागाच राहत नाही. नखं काळीनिळी दिसायला लागली. रांगत दाराशी गेलो आणि घोंगडं वर करायला हात घातला. पाणी पिऊन ते मेलेल्या मेंढरासारखं जड झालेलं. खिळे मीच मारलेले, एकही निघाला नाही. तोंडावर ओली लोकर आणि पलीकडं बोटभर अंतरावर ऊन.

हाक मारायला आवाज नव्हता. मी पायानं हंडा लाथाडला. पत्र्याच्या घरात हंडा पडला की मळ्यापर्यंत ऐकू जातं. किसनतात्यांनी येऊन खुरप्यानं घोंगडं कापलं.

तोच रस्ता

बारामतीला वांग्याचा टेम्पो निघाला होता. तात्यांनी मला ड्रायव्हरच्या शेजारी कोंबलं आणि स्वतः मला धरून बसले. निघताना गावातल्या नवीन एसटीडी बूथवरनं बाळूच्या कंपनीत फोन करायला एकाला पिटाळलं.

मला बारामतीची घाई नव्हती. मला लासुर्ण्याची भीती होती. डोक्यात पक्कं बसलं होतं की ते गाव मागं पडलं की माझीही मान पडणार. मी तात्यांचा शर्ट मुठीत धरून ठेवला.

तात्या बोलत सुटले. "आबा, मरायचं आसंल तर बारामतीत मरा. टेम्पोत मेला तर माझी वांगी कोन घेनार? बाजारात सांगू काय, प्रेताबरुबर आन्लीत, ताजी हायत?"

ड्रायव्हर हसला. मी हसलो असतो. पुढं लासुर्ण्याची घरं दिसायला लागली आणि मी डोळे मिटले. मान ताठ धरली. लहान पोरासारखी, दोन्ही हातांनी, स्वतःची मान स्वतः धरली.

डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूला ऊस होता. गाव गेलं होतं. मी होतो. आणि पहिल्यांदा मनात आलं, की साळूलाही हे सगळं असंच झालं असणार. अशीच हवा आत अडकली असणार. आणि तिनं दुपारपासून संध्याकाळपर्यंत कडब्याजवळ बसून ते सोसलं.

दवाखाना

नाकाला नळी, हाताला सलाईन, तोंडावर वाफेचं भांडं. पहिल्या वाफेनं काही झालं नाही. दुसऱ्या वाफेनंतर छातीतली मांजरं जरा गप झाली. तिसऱ्यानंतर मला तहान लागली. तहान लागली म्हणजे माणूस जगणार, हे मला मेंढरांवरनं माहीत होतं.

दवाखान्यात दिवस कशानं मोजायचे तर वाफेनं. सकाळची वाफ, दुपारची वाफ, संध्याकाळची वाफ. मधल्या वेळात भीती. सकाळी मावशी झाडू घेऊन वॉर्डात आल्या की मी डोक्यावरनं चादर ओढून घ्यायचो.

"काय वो आबा, मला लाजता व्हय?"

"तुमाला न्हाय. झाडूला."

मावशी हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासनं माझ्या खाटेच्या आजूबाजूला झाडू न घालता ओलं फडकं मारायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण देवाला हात जोडताना ती आठवते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. वयानं मला लेकीसारख्या. हातात छातीचा फोटो, थुंकीचा रिपोर्ट. बाळू खाटेच्या पायथ्याशी उभा होता.

"आबा, क्षय नाहीये. दमा आहे."

मी विचारलं, "दम्यानं माणूस मरतंय का?"

"वेळेवर आलात तर नाही मरत. उशीर केला तर मरतो. धूळ, भुसा, लोकर, यानं तुमचा वाढतो. घरात धूळ फार का?"

मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं की धूळ मी येऊच देत नाही, आणि घोंगड्यांचा इलाज सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवला.

"सहा दिवस? बंद खोलीत, ओल्या लोकरीत?"

"व्हय."

"आबा, तुम्ही दार उघडं टाकून रस्त्यावर बसला असता तरी इतकं झालं नसतं."

मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता?"

मी म्हणालो, "न्हाय."

बाळूनं माझ्याकडं बघितलं. फोटोचं पाकीट उचललं आणि बाहेर गेला.

मी का खोटं बोललो, सांगतो. "वेळेवर आलात तर" हे शब्द माझ्या कानात खिळ्यासारखे बसले होते. साळूचं नाव काढलं असतं तर पुढचा प्रश्न मला विचारावा लागला असता. मरणाची भीती वाफेनं कमी झाली होती. ही नवीन भीती त्या दिवशी सुरू झाली आणि तिच्यावर वाफ नव्हती.

मंगल

घरी सोडलं ते मंगलला बरोबर देऊन. बाळू म्हणत होता जळोचीला चला, फरशीची खोली आहे. मी नाही म्हणालो. मंगल महिनाभर माझ्याकडं राहिली, नवऱ्याला डबा कोण देणार याची काळजी करत.

पोरगी कामाची आणि तोंडाची, दोन्हीनं तिखट. पहिल्याच दिवशी खराटा माळ्यावर टाकला. जमिनीवर ओलं फडकं, अंगणात सडा मारल्याशिवाय झाडायचं नाही, गोधड्या उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात, मळणी कुठं चालू असली तर मी त्या दिवशी तिकडं फिरकायचं नाही, घराबाहेर पडताना तोंडाला ओला पंचा. हे तुम्हीही करा, खर्च काही नाही. दवाखान्यातनं दिलेला, तोंडानं औषध ओढायचा पंप तिनं भिंतीतल्या देवळीत ठेवला, हाताला लागेल असा. गावात म्हणतात पंप लागला की माणूस संपला. मीही तो आठ दिवस भीत भीतच ओढला. संपलो नाही.

मग ती घोंगड्यांकडं वळली. एक तात्यांनी कापलेलं, एक खिडकीचं, दोन्ही वाळवून मी खाटेखाली सारली होती. तिनं बाहेर ओढली.

"ठिव ती हितं," मी म्हणालो. "तिच्या हातचं सूत हाय."

"डॉक्टरनी न्हाय म्हटलंय."

"डॉक्टर माझ्या घरात ऱ्हात न्हाय. ठिव म्हंतो न्हवं!"

मी ओरडलो. ओरडण्यानं धाप लागली. बाळू तेव्हाच कामावरनं आलेला, दारात मोटारसायकल लावत होता. मंगल घोंगडं हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या गेल्या तवा बी तुमचाच हट्ट चालला हुता, आबा. आता तुमी जावा. आमी बघत बसतो."

बाळू बाहेरनं म्हणाला, "मंगल, गप."

  वर्षभर त्या घरात कुणीच हे बोललं नव्हतं, आणि एवढं बोलून झाल्यावरही पत्रा कोसळला नाही. कुत्रं भुंकत होतं, शेजारी मोटर चालू होती. मंगल रडायला लागली. मी उठून पंप घेतला, दोनदा ओढला आणि तिला म्हणालो, "ने."

ओढ्यापलीकडं मेंढरांचा वाडा उतरला होता. तिथल्या मेंढक्याला तिनं दोन्ही देऊन टाकली.

विचारलं

वैशाखात साळूचं वर्षश्राद्ध झालं. नरसिंहपूरला नदीवर जाऊन आलो. घाट उतरताना वाळूचा लोट आला तेव्हा बाळूनं न सांगता माझ्या तोंडापुढं आपला टॉवेल धरला. तो सगळा वेळ तिथंच हात धरून उभा राहिला. 

परत आल्यावर मी एकटा एसटीनं बारामतीला गेलो. तपासणीची तारीख होतीच. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, म्हणाल्या, "छान आहे."

मी म्हणालो, "बाई, मी तुमाला खोटं सांगितलं हुतं. घरात हा त्रास हुता. माझ्या मंडळीला."

"आता कशा आहेत त्या?"

"वारल्या."

मग मी सगळं सांगितलं. तीन उन्हाळे, गूळ, बसून झोपणं, मळणी, दुपारी काय म्हणाली, मी काय म्हणालो. बाहेर पेशंट खोळंबले होते. त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी मी विचारलं, "तिला दुपारीच आन्लं असतं तर?"

"आबा, आता ते..."

"मला फशवू नका. मी म्हातारा हाय, पोर न्हाय."

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. पुन्हा सरळ केला. मग म्हणाल्या, "तपासलं नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही. पण तुम्ही सांगता तसं असेल, तर बहुतेक वाचल्या असत्या. त्या दिवशीही. आणि आधी आल्या असत्या तर तो दिवस आलाच नसता."

मी त्यांना नमस्कार केला. स्टँडवर येऊन बाकावर बसलो. इंदापूरची एक गाडी लागली, गेली. दुसरी लागली, गेली. कंडक्टरनं विचारलं, "आबा, जायचं न्हाय का?" तिसरीला चढलो.

रविवारी दोघं घरी आली तेव्हा बाळूला आणि मंगलला समोर बसवलं आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. बाळू उठून बाहेर गेला, मोटारसायकलला किक मारली आणि दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. माझ्या पंपाची नवीन डबी घेऊन आला, देवळीत ठेवली आणि जेवायला बसला. अजून त्यानं त्यावर चकार शब्द काढलेला नाही. मी वाट बघत नाही.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं. घरातली बाई केर काढून बसून राहिली, भिंतीला टेकून झोपायला लागली, तर तिला गूळ देऊ नका. काम अर्ध्यात टाका. मशीन जाऊ द्या, दाणा जाऊ द्या, गाडी बघा.

आता रस्त्यात कुणी भेटलं की विचारतं, आबा, तब्येत कशी? मी म्हणतो, श्वास बरा हाय. तेवढंच विचारतात, आणि तेवढंच मी सांगतो.